फोनवरचा कान

पिंगळी स्टेशनावर गाडीची वाट बघताना रोज शेळ्या चारणारे एक आजोबा दिसायचे, सोबत सातेक वर्षांची नात. तिचे आईबाप दुबईला कामाला. व्हिडिओ कॉल आला की आजोबा सवयीनं फोन कानालाच लावायचे. तिकडे लेकाला नुसता कान दिसायचा. नात मात्र ताठ उभी राहून "बरी हाय" एवढंच म्हणायची. तिचं ते शहाणपण मला खटकायचं.

परवा तिनं फोन हिसकावला. "तुमी खोटं बोलले, पप्पा! पोळ्याला येतो म्हणले अन् आलेच न्हाई!" ती भांडली, हमसून रडली.

आता आजोबा दटावतील, असं मला वाटलं. ते पटक्याच्या शेवानं डोळे पुसत हसायला लागले.

"लय बरं झालं. इतके दिस पाव्हण्यासंगं बोलल्यावानी बोलायची. आज बापासंगं बोलली."