येत्या वर्षीचा मानस

बँकेत नोकरी करणाऱ्यांकडे पैसे साठत नाहीत, किस्से मात्र व्याजासकट साठतात! आमची वाशिमची सहकारी बँक पन्नाशीची झाली आणि स्मरणिकेत तिचा इतिहास लिहायचं काम माझ्या गळ्यात पडलं. का? "तू एम.ए. आहे, अन् तुले घरी पोरंबाळंही नाही!" इति आमचे अध्यक्ष भाऊसाहेब.

*

जुने वार्षिक अहवाल मागितले, तर रिटायर होऊनही रोज बँकेत येणारे मॅनेजर वसंतकाका हसलेच. "अहवाल वाचासाठी नसते पोरी, वाटासाठी असते!"

शेवटी गठ्ठा सापडला टेबलफॅनच्या खाली. वारा वरपर्यंत यावा म्हणून पंखा त्यावर ठेवला होता. सगळे अहवाल कोरे करकरीत. बोटांचे डाग फक्त एकाच पानावर, संचालकांच्या फोटोंच्या!

*

मी वाचायला बसले. एका अहवालात ओळ दिसली : 'येत्या वर्षी महिलांसाठी स्वतंत्र काउंटर सुरू करण्याचा मानस आहे.' छान! पुढच्या वर्षीचा उघडला. तीच ओळ. मागचा उघडला. तीच. माझ्या जन्माआधीचा उघडला. तिथेही 'मानस' हजर!

वसंतकाकांना जाब विचारला.

"मागच्या सालचाच अहवाल प्रेसमध्ये देत होतो ना. साल अन् फोटो बदलले की झालं. एकही चूक होत नाही!"

*

अनसिंगच्या शकुनमावशी भाजी विकतात. बाजाराच्या दिवशी पैसे भरायला येतात, तेव्हा काउंटरवर पुरुषांची ही गर्दी! मावशींच्या डोक्यावरून स्लिपा पुढे सरकतात आणि मावशी तिथेच. तोवर तिकडे बाजारात भाजीचं दुकान राखणीविना उघडं.

मी त्यांना ती ओळ वाचून दाखवली.

"मले पाठ हाय ते," मावशी म्हणाल्या. "तुमचा अहवाल मी सैपाकघरातल्या फळीवर अंथरतो. कागद मस्त चिकना असते! दरसाली कागद नवा, ओळ तेच."

आमच्या अहवालांची अख्ख्या जिल्ह्यात एकच वाचक, आणि तिलाच रांगेत मागे ढकलतात!

*

तणतणत भाऊसाहेबांच्या केबिनमध्ये गेले. काउंटर कधी होणार?

"आमच्या घरच्या बायकांचं खात्याबिगर काई अडलं का?"

"त्यांना कधी विचारलंत का?"

"जास्त शिकलं की असं होते," ते म्हणाले आणि चहा मागवला. स्वतःपुरता!

त्या दुपारी मी स्मरणिकेचं एक पान बनवलं. प्रत्येक अहवालातली ती ओळ कापून एकाखाली एक, शेजारी साल. मथळा : 'आमची वाटचाल'. चोरून काही केलं नाही. अख्ख्या स्मरणिकेचं प्रूफ प्रत्येक संचालकाकडे पाठवलं. प्रत्येकाने आपापला फोटो तपासला आणि सही केली.

*

वार्षिक सभेत 'आमची वाटचाल' अध्यक्षांनीच वाचायची, हा आमच्याकडचा रिवाज. भाऊसाहेबांनी चष्मा लावला, खणखणीत आवाजात पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. तिसरीला मागच्या खुर्च्यांवरून शकुनमावशींनी सूर मिळवला. चौथीला सगळ्या बायका. पाचवीला भाऊसाहेब थांबले, हॉल थांबला नाही!

त्यांनी चष्मा काढला आणि माझ्याकडे बघितलं. गेली नोकरी, मी मनात म्हटलं.

मग माइकवरून आवाज आला, "वसंतराव, माह्या केबिनमधला टेबल उद्या सकाळी बाहेर काढाचा."

*

दुसऱ्या दिवशी बँक उघडली. टेबलामागे मी. वर 'महिला काउंटर' अशी पुठ्ठ्याची पाटी, शाई अजून ओली. समोर बायकांची रांग पार पायऱ्यांपर्यंत आणि सगळ्यात पुढे शकुनमावशी. त्यांचं काम चार मिनिटांत झालं. पासबुक पदरात बांधून वळल्या, तर भिंतीजवळच्या बाकावर भाऊसाहेब!

"साहेब, तुमी इथं काहून बसून राह्यले?"

"नंबर लावला," भाऊसाहेब हळूच म्हणाले. "सुनेचं खातं काढाचं हाय."

मावशींनी त्यांना वरपासून खालपर्यंत बघितलं.

"मंग तिले आना. सही तिची लागते!"