रडका आयटम

"ही कुनाची हाय रे? नवीन दिसती."

दादा म्हनले आन पोट धरून हसाया लागले. मी त्यांच्या हापिसात उभा. आत्ताच मी त्यांना सांगितलं हुतं, "दादा, मला सकाळी उठू वाटत न्हाई. जेवन गिळत न्हाई. कुनी नसलं की रडू येतं. बेस्तरवारी सरकारी दवाखान्यात मनाचा डॉक्टर येतो. सुट्टी पायजे."

एवढंच. दादांना वाटलं, मी कुनाची तरी नक्कल करतोय.

श्रीगोंद्याच्या रोडला दादांचं मंगल कार्यालय. मागं त्यांचाच ऊस, नजर जाईल तिथवर. मी तिथं खुर्च्या मांडायचो, ताटं घासायचो आन माईक सांभाळायचो. आमच्याकडं नवरदेव मारुतीच्या देवळापासनं निघतो, आन दोस्त डीजेपुढं नाचत बसत्यात. मुहूर्त टळतो. वऱ्हाड भुकेलं, पंख्याखाली चिडलेलं. नवरदेव मांडवात येईपतूर गर्दी धरून ठिवायची, हे माझं काम. एसटीचा कंडक्टर करायचो. तलाठी करायचो. थंडीत चालू न होनारी लुना करायचो. भटजी मंगलाष्टक म्हनताना नाकात कसे जात्यात ते भटजींच्या म्होरंच करायचो.

मग असला सोंगाड्या रडला तर कुनाला खरं वाटनार.

दादांनी बाहेर बसलेल्या पावन्यांना हाक मारली. कारखान्याचे संचालक आन एक रिटायर हेडमास्तर. "या, या. ह्याचं नवीन बघा. कर रे परत."

"दादा, खरं सांगतोय."

"आरं व्हय, खरंच वाटतंय. तेच तर म्हनतोय. कर."

आन मी केली. पयल्यापासनं. उठू वाटत न्हाई. जेवन गिळत न्हाई. मघाशी जिथं आवाज कापला, तिथंच परत कापला. तिथंच ते हसले. हेडमास्तर चष्मा पुसत म्हनाले, "आवाजातला कंप छान घेतलास. निरीक्षण आहे तुझं."

सुट्टी राहिलीच. पावने गेल्यावर मी परत विचारली. दादा म्हनले, "टेन्शन आमच्यासारख्याला असतं. कारखाना, इलेक्शन, जमीन. तुमा लोकांना कसलं रे? खायचं, खुर्च्या मांडायच्या, झोपायचं."

दादांना टेन्शन हाय, हे समद्यांना ठावं. पुन्याच्या डॉक्टरच्या गोळ्या चालू. दुपारी ते वरच्या खोलीत पडले की खाली खुर्ची ओढायची न्हाई, उचलायची. मीच पोरांना गप करायचो. "हळू रे. दादांच्या जिवाला बरं न्हाई."

त्यांच्या जिवाला बरं नसतं. माझा आयटम असतो.

पुढच्या लग्नात दादांनीच खालनं आवाज दिला, "रडका घे." मांडव हसून लोळला. मग दर लग्नात तेच. बायका पदरानं डोळं पुसायच्या, हसून. गल्लीतली पोरं मागं लागायची, "उठू वाटत न्हाईऽऽ." आता पोरं माझीच नक्कल करायला लागली. आन चांगली करायची, हे बी सांगतो.

थकलो. हसवून न्हाई. रोज माईकवर खरं बोलून थकलो.

आई म्हनायची, "कुनापाशी बोलू नगं. पोरगी कोन देईल तुला?"

"आये, आख्ख्या तालुक्याला सांगतोय. कुनाला पटतच न्हाई."

ती हसली न्हाई. गावात तेवढं एकच मानूस हुतं न हसनारं.

दुसरं भेटलं नळापाशी. गावातली आशाताई, घरोघर औषधपान्याचं बघनारी, एका लग्नात जेवायला आल्ती. रडका झाला आन मी ताटं घासाया बसलो. ती पंगतीतनं उठून आली.

"किती दिस झालं रे असं हुतंय?"

"ताई, आयटम हाय तो."

"असंल. किती दिस झालं?"

मी ताट घासत राह्यलो. तेच ताट. मग सांगितलं.

ती म्हनली, "ह्या बेस्तरवारी माझ्याबरूबर चल. डॉक्टर दुपारपतूरच असतो."

बेस्तरवारी नेमकं दादांच्या पुतनीचं लग्न.

खुर्च्या पहाटंच मांडून ठिवल्या. म्हनलं, नवरदेव टायमात आला तर निसटू. कसला येतोय. तो मारुतीपाशीच अडकला. मांडव गच्च. आशाताई गेटाभाईर रिक्षात बसलेली. दादा फेटा बांधून म्होरच्या सोफ्यावर. "सोंगाड्या, माईक घे. मोठे पावने आलेत. रडका हूं दे."

मी माईक घेतला. म्हनलो, "मंडळी, ही नक्कल न्हाई. हे माझं हाय. मी आजारी हाय."

हसले.

"खरंच आजारी हाय."

अजून हसले. मागनं शिट्टी आली. जेवढं खरं बोलावं, तेवढं मांडव खूश. तवा माझ्या ध्यानात आलं. हितं माझं रडं इनोदच ऱ्हानार. मी जोपतूर करतोय, तोपतूर.

मी माईकचं बटन बंद केलं. खाली उतरून माईक दादांच्या शेजारी सोफ्यावर ठिवला.

"दादा, कंडक्टर करतो, तलाठी करतो, कोंबडा बी करतो. उद्या करतो. आज दवाखान्यात चाललोय. आन रडका परत करनार न्हाई."

दादांनी तोंडावरचं हसू तसंच ठिवलं. पावने बघत हुते ना. हळूच म्हनले, "उद्या गेटाच्या आत दिसू नकोस."

"बरं."

दवाखान्यात डॉक्टर म्हंजे एक तरुन मॅडम. मला भ्या वाटलं आन तोंडातनं कंडक्टरच निघाला, "बोला बोला, पुढं सरका, कुटं जायचं." मॅडम हसल्या. मग त्यांनी पेन खाली ठिवला. "छान करता. आता तुम्ही सांगा, तुमच्या आवाजात."

तुम्ही म्हनल्या मला.

मी सांगितलं. उठू वाटत न्हाई. जेवन गिळत न्हाई. आवाज तिथंच कापला. कुनी हसलं न्हाई. मॅडमनी पेन उचलून लिहून घेतलं.

आता मी कांद्याच्या खळ्यावर कांदा निवडाया जातो. बरा झालो म्हनत न्हाई. काही सकाळी अजून बी अंथरुन सोडवत न्हाई. गोळ्या चालू हायेत. बेस्तरवारी दवाखान्याच्या बाकड्यावर बसतो, रस्त्याकडं तोंड करून. येनाऱ्याजानाऱ्याला दिसंल असा.

परवा दोन पोरं गाडी थांबवून म्हनली, "ये, रडका कर की."

"न्हाई."

"थोडाच."

"कंडक्टर पायजे तर करतो. ते न्हाई."

मांडव भाड्यानं मिळतो. खुर्च्या, ताटं, माईक मिळतो. माझं रडं तेवढं आता मिळनार न्हाई. कुन्या दादाला न्हाई, कुन्या पावन्याला न्हाई. आन परत कुनी इचारलं ना, ही कुनाची हाय रे, तर हसत न्हाई बसनार.

माझी हाय म्हननार. आन गप उभा ऱ्हानार, त्यांचं हसू संपस्तवर.