देवापुढची सुपारी

कंपनीचा फोन आला तेव्हा मी बागेत शिंपणं करत होतो. समोरचा माणूस फार नम्र होता. युद्धाच्या पट्ट्यातून येताना तेलाच्या जहाजावर काहीतरी येऊन आदळलं, इंजिनरूममध्ये आग लागली, तुमचे बंधू विनायक... पुढचं मी ऐकलंच नाही. पाइप हातातून सुटला आणि पाणी तसंच वाहत राहिलं. याला आता सहा आठवडे झाले.

विनू माझ्याहून नऊ वर्षांनी लहान. श्रीवर्धनच्या आमच्या बागेत सुपारी उतरवताना तो एका झाडावरून झोका घेऊन दुसरं झाड धरायचा; खाली उतरायचा त्याला कंटाळा. आमचा जुना गडी पांडू परवा धापा टाकत उतरला आणि म्हणाला, "विनूशेट असता, तर जमिनीला पाय न्हाय लावला असता." अशा माणसाला काम मिळालं ते जहाजाच्या पोटात, तेलकट उकाड्यात. पण कधी कुरकुरला नाही. निघताना तो बागेतली एक सुपारी देवापुढे ठेवायचा आणि परतला की बॅगही न उघडता ती अडकित्त्यानं फोडून सगळ्यांना द्यायचा. दर्यावर जाणाऱ्यांची आमच्या घरातली ही रीत, आजोबांपासूनची. ज्यानं ठेवली त्यानंच फोडायची, मधे कुणी हात लावायचा नाही.

अंत्ययात्रेच्या दिवशी नाक्यावर फलक लागला. त्यावर हात जोडलेले नऊ पुढारी आणि कोपऱ्यात पोस्टाच्या तिकिटाएवढा विनू. फलकावर तो 'वीर' होता. कचेरीत मात्र साहेबांनी समजावलं, "ते व्यापारी जहाजावर होते, सैनिक नव्हेत. तिरंगा नाही देता येणार." विनूसारख्यांनी आणलेल्या तेलावर ज्यांच्या गाड्या चालतात, ते त्याच गाड्यांत बसून निघून गेले. मला संताप आला, अजूनही येतो. पण त्यांच्यावर चिडणं माझ्या सोयीचं आहे, हे आता लिहायलाच हवं.

कारण तो शेवटचा फोन... युद्धाच्या पट्ट्यात जायचं नसेल तर खलाशाला नाही म्हणता येतं, कंपनी घरी पाठवते. विनूनं विचारलं, "दादा, कागद समोर आहे. सही करू, की घरी येऊ?" त्या दिवसांत मी सकाळपासून मोबाइलवर देशभक्तीचे संदेश इकडून तिकडे ढकलत होतो. म्हणालो, "घाबरतोस काय? देशाला तेल हवंय. कर सही." तो हसला. "बरं. आईला सांग, सुपारी तशीच असू दे."

आई रोज विचारते, "शेवटचं काय रे बोलला?" मी सांगतो, "खुशाली विचारली." सुपारी अजून देवापुढे आहे. पूजा करताना आई ती उचलत नाही, भोवतीनं पुसून घेते.

तिला आता बारीक अक्षर दिसत नाही. रविवारची पुरवणी मीच तिला वाचून दाखवतो, पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत. हा लेखही तसाच वाचणार आहे. त्यानंतर ती सुपारी कुणी फोडायची, ते तिनं ठरवावं.