उजव्या हाताची दोन बटणं

बाबांच्या डाव्या हातात सुया टोचलेल्या असायच्या, म्हणून छोट्या व्हिडिओ गेमची डावी बाजू माझ्याकडे आणि उजवी त्यांच्याकडे. खरं तर तो गेम एकट्यानं, दोन्ही हातांनी धरून खेळायचा. आम्ही दोघं मिळून खेळायचो, एकेका हातानं, आठवड्यातून दोनदा, चार-चार तास. चंद्रपूरच्या त्या डायलिसिसच्या खोलीत दुसरं करण्यासारखं काही नव्हतंच. भिंतीवर टीव्ही होता, पण त्याचा रिमोट कायम हरवलेला.

बाबा घुग्घुसला कोळशाच्या खदानीत डंपर चालवायचे. मी अकरावीत गेले त्या वर्षी त्यांच्या दोन्ही किडन्या गेल्या. आई अंगणवाडीत होती, तिला सारखी सुट्टी कोण देणार? म्हणून बाबांसोबत एसटीनं मीच जायची. गेम मावसभावानं दिलेला, त्याचा कंटाळा आल्यावर. लहानपणी शाळेतून आलं की मी एक जपानी कार्टून हिंदीतून बघायची, त्यात पत्त्यांच्या लढाया असायच्या. त्याच कार्टूनवरून काढलेले हे गेम. एक संपला की दुसरा, असे तीन भाग भावानं दिले होते. प्रत्येक पत्त्यात एक प्राणी किंवा योद्धा, आपला समोरच्यावर सोडायचा, त्याचे गुण संपले की आपण जिंकलो.

डावीकडच्या बटणानं पत्त्यांवरून फिरायचं. उजवीकडे दोन बटणं, एक ‘हो’चं, एक ‘नाही’चं. म्हणजे फिरायचं मी आणि ठरवायचं बाबांनी. घरीही तेच चालायचं.

बटण दाबताना त्यांचा एक विनोद ठरलेला होता. आजोबा आयुष्यभर अंगठा लावत आले. मालगुजाराच्या, म्हणजे गावच्या जमीनदाराच्या, माणसानं त्यांचा अंगठा एका कागदावर टेकवला आणि त्यांची जमीन गेली. धम्म घेतल्यावर आजोबांनी बाबांना शाळेत घातलं आणि पहिल्यांदा काय शिकवायला लावलं असेल, तर सही. बाबांची सही पूर्ण नावाची, खाली लांब रेघ ओढलेली. गॅस सिलिंडरच्या पावतीवरसुद्धा ते तीच करायचे आणि सिलिंडरवाला ताटकळत उभा राहायचा. तर गेमचं बटण दाबताना ते म्हणायचे, आज्यानंतर आपल्या घरात अंगठा लावणारा मीच. मी दर वेळी हसायची. पुढे पुढे खोटं हसायची.

त्या गेममध्ये एक नियम होता. मोठा पत्ता मैदानात आणायचा तर आपल्याच दोन लहान पत्त्यांचा बळी द्यायचा. बळी द्यायचा का, असं पडद्यावर विचारतात. बाबा ‘नाही’ दाबायचे. दर वेळी.

“लहान्याईले मारून मोठ्याले काऊन आणाचं?” ते म्हणायचे. “लहानेच लढतीन.”

मी डोकं आपटायची. नियमच आहे, पुढच्या डावात ते लहाने परत येतात, कोणी खरं मरत नाही, सगळं सांगून झालं. बाबा ऐकून घ्यायचे आणि ‘नाही’ दाबायचे. गेममध्ये लांब कोटवाला एक खेळाडू होता, त्याच्याशी आम्ही किती वेळा हरलो याची गणतीच नाही. हरलं की ते मलाच धीर द्यायचे. मला त्यांचा भयंकर राग यायचा.

त्याच दिवसांत डॉक्टर किडनी बदलण्याचं बोलू लागले. आईला शुगर, तिची चालणार नव्हती. काका तपासणी करून घ्यायला येतो म्हणाले आणि आले नाहीत. मी म्हटलं, बारावीत मला अठरा पूर्ण होतात, माझी घ्या. बाबा आधी हसले. मग त्यांच्या लक्षात आलं की मी गंमत करत नाहीये, आणि त्या दिवशी त्यांनी गेम हातात घेतला नाही. बसमध्ये एवढंच म्हणाले की हा विषय पुन्हा काढायचा नाही. आई काय बोलणार होती, आणि कोणाच्या बाजूनं?

एकदा डाव ऐन रंगात आला असताना बाबांचा डोळा लागला. समोर तोच कोटवाला. मैदानात आमचे दोन लहाने, हातात सगळ्यात मोठा पत्ता. बाबांचा अंगठा ‘हो’च्या बटणावर तसाच पडलेला होता. मी त्यावर माझं बोट ठेवून दाबलं. आम्ही जिंकलो. जिंकल्यावर वाजणाऱ्या संगीतानं बाबा जागे झाले, पडद्याकडे त्यांनी बराच वेळ पाहिलं आणि गेम माझ्या मांडीवर ठेवून दिला. मी मात्र खूश होते. स्टँडवर समोसा खाल्ला.

अठरा पूर्ण झाल्यावर मी दवाखान्यातून संमतीचा फॉर्म आणला. माझ्या जागी मी सही केली. दुसरी जागा बाबांची होती. आज मला कळतं की अशा कागदावर झोपेतल्या माणसाचा अंगठा चालत नाही. डॉक्टर विचारतात, समितीसमोर बसवतात. तेव्हा मला एवढंच ठाऊक होतं की अंगठा चालतो. आजोबांचा चालला होता. घरात लहानपणापासून तीच गोष्ट ऐकलेली.

शाईचं पॅड मी शाळेच्या दप्तरातून नेलं. मशीन सुरू झालं, तासाभरात बाबा झोपले. मी त्यांचा अंगठा पॅडवर दाबला आणि कागदावर नेऊ लागले, तोच त्यांनी डोळे उघडले. हात ओढला नाही. अंगठा माझ्या चिमटीत तसाच राहू दिला.

“माया बापाचा अंगठा असाच धरला होता,” ते म्हणाले.

मला वाटलं आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं.

“मले सही येते, बाई. मी करून नाई राह्यलो.”

सिस्टर आली. काही न विचारता तिनं स्पिरिटच्या बोळ्यानं त्यांचा अंगठा पुसला. मी फॉर्म घडी करून दप्तरात टाकला. थोड्या वेळानं बाबांनी गेम मागितला. मी डावीकडून फिरत राहिले, ते उजवीकडून ‘नाही’ दाबत राहिले. त्या दिवशीही आम्ही हरलो. पुढच्या उन्हाळ्याआधी बाबा गेले.

आता मी चामोर्शीला शाळेत शिकवते. गेम माझ्या कपाटात आहे, अजून चालतो. मी तो दोन हातांनी खेळून पाहिला, पण जमलं नाही. बाबांवरचा राग गेलेला नाही. लोक म्हणतात केवढं प्रेम, आणि ते खरंच आहे. पण मला बाप हवा होता, आणि तो मला त्यांनी मिळू दिला नाही.

गेल्या वर्षी मला दिवस गेले होते. पाठ दुखायची म्हणून सोनोग्राफी केली. डॉक्टरीण बाई पडद्याकडे बघत सहज म्हणाल्या, दोन्ही किडन्या अगदी छान आहेत तुमच्या. मला एकदम रडू फुटलं, काही केल्या आवरेना. त्यांना वाटलं, मी बाळाच्या काळजीनं रडतेय. बाळ ठीक आहे, काही झालेलं नाही, असं त्या माझा हात धरून पुन्हा पुन्हा सांगत राहिल्या.