नलूची अट

आमच्या नायगावात मुलीच्या लग्नाची बोलणी असली की मुलीकडून मामा, काका, आत्या बसतात आणि त्यांच्या शेजारी नलू बसते. नात्याने ती कोणाची कोणी नाही. भैरीदेव क्रीडा मंडळाच्या मुलींच्या कबड्डी संघाची ती प्रशिक्षक आहे, आणि लग्नाची मुलगी संघातली असली की बोलावणं नसलं तरी ती येते. मानपान, हॉल, जेवणाची पानं असं सगळं ठरून चहा आला की घसा खाकरते आणि म्हणते, "माझी एक अट आहे. मुलगी लग्नानंतर खेळणार."

कोणी हसतं, कोणी मुलीच्या बापाकडे बघतं. दोन स्थळं या अटीपायी उठून गेली आहेत आणि त्यातल्या एका बापाने नलूला वर्षभर शिव्या घातल्या. तिला त्याचं काही नाही. लोक म्हणतात, ही लष्कराच्या भाकऱ्या भाजते. भाजते तर भाजू दे, पीठ तुमच्या घरचं जातंय का?

दुसऱ्या संघांचे प्रशिक्षक डावपेचांची काळजी करतात, आमच्या नलूला काळजी लग्नसराईची. मुलगी शाळेत असताना मैदानात येते, वर्षानुवर्षं घाम गाळते, कुठे चढाईला धार येते आणि तेवढ्यात हळद लागते. दरवर्षी संघाला भोकं पडतात. मला हे सांगायचा हक्क आहे, कारण आमच्या वेळच्या संघात मी डावा कोपरा सांभाळायचे, नलू उजवा, आणि चढाईला असायची इरावती. माझं लग्न झालं आणि माझा खेळ सुटला. मला फारसं वाईट वाटलं नाही, मी बेताचीच होते. नलूने मात्र स्वतःच्या बोलणीतही हीच अट घातली होती. एकही स्थळ परत आलं नाही. ती परळच्या एका इस्पितळात आया म्हणून लागली, सकाळची पाळी मागून घेतली आणि संध्याकाळी मुलींना शिकवायला लागली.

इरावतीसारखी चढाई मी पुन्हा पाहिली नाही. गडी बाद केला की बाकीच्या पाठ फिरवून मध्यरेषेकडे पळायच्या. ही समोरच्यांच्या डोळ्यांत बघत उलट्या पावलांनी यायची, त्यामुळे तिचा घोटा धरायची कोणाची छाती व्हायची नाही. लग्न होऊन ती लालबागला गेली आणि तिथेच ते संपलं. तिच्यासाठी कोणी शब्द टाकला नाही. असा शब्द टाकायचा असतो हेच तेव्हा आम्हाला ठाऊक नव्हतं.

आणि गेल्या वर्षी आमच्या किर्तीला स्थळ आलं ते याच इरावतीच्या मुलाचं, सुशांतचं. किर्ती आमची पहिली चढाईपटू, सगळा संघ तिच्या जिवावर. नलूला कोण आनंद झाला. मुलगी आपल्यातल्याच बाईच्या घरात जातेय म्हटल्यावर तिने अटही हसत हसतच घातली, आणि इरावतीने हसत मान डोलावली.

लग्न झाल्यावर गणपतीपर्यंत किर्ती सरावाला येत होती. नंतर येईनाशी झाली. फोन केला की सुशांत म्हणायचा, आईला विचारून सांगतो. मुलगा वाईट नाही, पण विचारायला गेला तो अजून परत आलेला नाही.

शेवटी नलू मला घेऊन लालबागला गेली. इरावतीने पोहे केले, सगळ्यांची चौकशी केली. किर्ती आतबाहेर करत होती, आमच्याकडे बघत नव्हती. नलूने विषय काढला तेव्हा इरावती शांतपणे म्हणाली, "हौस झाली ना गो तिची? आता पुरे. मी नाही सोडला खेळ? मेले का मी?"

"मेली नाहीस," नलू म्हणाली, "पण बोलणीत खोटं बोललीस."

आणि पोहे तसेच टाकून उठली. माझे खाऊन झाले होते, म्हणून मला जास्त अवघड झालं.

इकडे स्पर्धा तोंडावर आली. बारा जणींची नावं द्यायची होती. मंडळाचे अध्यक्ष दौलतराव म्हणाले, किर्तीचं नाव काढा आणि मेघनाला पहिली चढाई द्या. उगाच कशाला खोटं बोलू, त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं. मेघना एकोणीस वर्षांची, पायात भिंगरी, एक दिवस सराव चुकवत नाही. नलूने ऐकून घेतलं आणि सांगितलं की नाव किर्तीचंच राहील, ती आली नाही तर अकरा जणींत भागवू. दौलतराव चिडले. असा हट्ट असेल तर मंडळ दुसरा प्रशिक्षक बघेल म्हणाले. नलू म्हणाली, अवश्य बघा, आणि फुकट काम करणारा मिळाला की मलाही दाखवा.

मग मेघनाच तिच्यासमोर येऊन उभी राहिली. रडकुंडीला आली होती बिचारी. "ताई, मी रोज येते. ती येतच नाही. तरी पहिली चढाई तिचीच का?"

"आज तिची जागा तुला दिली," नलू म्हणाली, "तर तुझं लग्न झाल्यावर तुझी कोणाला देऊ, तेही आत्ताच सांगून ठेव."

मेघना नीकॅप वर ओढून चढाईला गेली.

आमचं अर्धं मैदान पुनर्विकासाच्या पत्र्यांमागे गेलं आहे, उरलेल्या अर्ध्यात कसाबसा सराव चालतो. त्या शनिवारी नलूने तोही बंद ठेवला आणि अकरा मुलींना बसमध्ये घालून थेट लालबागला, इरावतीच्या चाळीच्या चौकात आणलं. फक्कीने रेषा मारल्या. चाळीचे सेक्रेटरी धावत आले आणि परवानगी कोणाची म्हणून विचारू लागले. नलू फक्कीचे हात झटकत म्हणाली, "तुमच्या चाळीतल्या सुनेचा सराव आहे. तिला मैदानात येता येत नाही, म्हणून मैदान इथे आणलंय."

वरच्या गॅलरीत कोणीतरी टाळी वाजवली. सेक्रेटरींनी एकदा वर पाहिलं आणि गाड्या हलवायला सांगितल्या. इरावतीने मात्र दार लावून घेतलं, ते आम्ही निघेपर्यंत उघडलं नाही. माझी मान खाली गेली. नलू म्हणाली, उद्या परत यायचं.

दुसऱ्या दिवशी लोक खुर्च्या टाकून बसले होते. दुसऱ्या मजल्यावर किर्ती कठड्याला धरून उभी, आणि तिच्या मागे हाताची घडी घातलेली इरावती. मेघना चढाईला गेली, गडी टिपला आणि पाठ फिरवून पळाली. कोपऱ्यातल्या मुलीने तिचा घोटा धरला. ही मेघनाची जुनी खोड, आणि एरवी अशा वेळी नलूची शिट्टी कानठळ्या बसवते. त्या दिवशी शिट्टी तिच्या गळ्यात नुसती लोंबत होती. मेघना पुन्हा गेली, पुन्हा पाठ फिरवली, पुन्हा सापडली. मी नलूला कोपराने ढोसलं, तर माझ्याकडे बघेना.

आणखी एकदा तेच व्हायला लागलं तेव्हा वरून आवाज आला, "अगो, पाठ देऊ नको!"

सगळा चौक वर बघू लागला. इरावतीने तोंडावर हात ठेवला होता.

"मग कशी देऊ नये ते खाली येऊन दाखव," नलू म्हणाली. "आमच्या मुलींना शिकवणारं कोणी नाही."

मला वाटलं, आता दार पुन्हा लागणार. पण इरावती जिना उतरून आली. चपला बाजूला काढल्या, पदर कमरेला खोचला. नलूने मला ढकलून डाव्या कोपऱ्यात उभं केलं. माझे गुडघे कुरकुरत होते आणि लोक हसत होते. इरावती रेषेच्या पाया पडली, कबड्डी कबड्डी म्हणत आत आली, एका मुलीला हात लावला आणि उलट्या पावलांनी परतू लागली. दम मध्येच सुटला. नियमाने ती तिथेच बाद, पण शिट्टी कोणी वाजवली नाही. मी खाली वाकून तिच्या घोट्याकडे हात टाकला आणि वर पाहिलं. तिचे डोळे पाण्याने भरले होते, तरी माझ्यावरून हलले नव्हते. माझा हात जिथल्या तिथे राहिला.

मध्यरेषा ओलांडून ती धापा टाकत नलूसमोर उभी राहिली. चौकात आता कोणी हसत नव्हतं.

"मेले होते गो मी," ती म्हणाली.

नलूने तिला जवळबिवळ घेतलं नाही, माहीत आहे असंही म्हणाली नाही. ती जिन्याकडे बघत होती. किर्ती केव्हा उतरून शेवटच्या पायरीवर आली होती ते आम्हाला कळलंही नव्हतं.

"किर्ती," नलू म्हणाली, "पहिली चढाई तुझी."

मेघना आपणहून बाजूला झाली. किर्ती रेषेपाशी आली, वाकली, आणि सवयीने आधी सासूकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतेस," इरावती म्हणाली. "समोर बघ."