पाळीआधी आलेलं पाणी

हुकूमशाही हा शब्द मी लाखांदूरच्या कॉलेजात, राज्यशास्त्राच्या तासाला शिकले. आमच्या घरात कॉलेजात गेलेली मी पहिलीच. शब्द मला लांबच्या देशांचा वाटला होता. सरांनी सांगितलेली खूण मात्र लक्षात राहिली: ठरवणारा एकच असतो आणि त्याला कुणी काही विचारत नाही.

आमच्या गावच्या तलावाचं पाणी आधी कुणाच्या बांधीत, म्हणजे धानाच्या वाफ्यात, सोडायचं, हे पूर्वी सगळे बसून ठरवत. आता पाणी समितीचे अध्यक्ष एकटेच ठरवतात. गेटची चावी त्यांच्याच घरी असते. ते आणि बाबा चौथीपर्यंत एका शाळेत होते, अजून एकमेकांना अरे-तुरे करतात. तरी यंदा धान लोंबीवर आलं आणि आमची पाळी काही लागेना.

समितीच्या सभेत मी उठले. "काका, हे हुकूमशाहीसारखं होऊन राहिलं."

अध्यक्ष हसले. बाबांना म्हणाले, "पोरगी हुशार निंगाली रे तुही!" मग सगळ्यांना विचारलं, "कोनाले वाटते असं? हात वर करा."

कुणी हललं नाही.

"आन् कोनाले नाई वाटत?"

एकेक हात वर गेला. सगळ्यात शेवटी बाबांचा.

घरी येताना बाबा एवढंच म्हणाले, "आता धान गेलं समज."

पण दुसऱ्या दिवशी सकाळीच पाणी आलं, पहिलं आमच्या बांधीत. शेजारच्या काकूंची पाळी आमच्या आधीची होती. त्या दोन बांध्यांमधल्या धुऱ्यावर उभ्या होत्या, त्यांच्या बांधीला भेगा पडलेल्या.

"हात तं आमीबी वर केला होता, भाऊ," त्या बाबांना म्हणाल्या. "आमच्या घरी शिकलेली पोरगी नाई, म्हनून मांगं राहिलो का?"

काकू निघून गेल्या.

"बाबा, थोडं त्यांच्याकडे वळवू ना."

"नोको. त्याले न विचारता नोको."

मला हे पाणी न मिळण्यापेक्षा भयंकर वाटू लागलं. का, ते तेव्हा सांगता आलं नसतं.

तेवढ्यात रस्त्यावर मोटारसायकल थांबली. अध्यक्षांनी खाली न उतरताच मला मायेनं विचारलं, "काहो बाई, पुरलं का पानी?"

मी तोंड उघडायच्या आत बाबांनी हात जोडले.

"पुरलं, मालक."