नदीपलीकडची बदकं

थर्लो साहेबांची मिलो हावलिकने अकरा वर्षं गाडी चालवली, पण त्यांना तो ओळखत होता असं म्हणणं धाडसाचं होईल. ड्रायव्हरला आरशात दिसतात ते मागच्या माणसाचे डोळे, आणि साहेबांचे डोळे बहुधा मिटलेले असत.

क्लेबर्न थर्लो हे बँकवाल्याचे चिरंजीव. आधी सरकारी वकील, मग आमदार, आणि शेवटी मतं मिळवून अमेरिकेतल्या एका राज्याचे गव्हर्नर. सभेत मात्र दरवेळी सांगत, "मी अनवाणी शाळेत गेलेलं पोर!" मिलोच्या, युरोपातून येऊन वसलेल्या चेक लोकांच्या गावात बायका डोळे पुसत आणि खसखस भरलेले गोड पाव आणून देत. साहेब वाहवा करत खात. गाडी गावाबाहेर पडली की काच खाली करून थुंकत.

"मिलो, तुमच्या बायका पिठात चुना कालवतात काय रे?"

मिलो हसे. पगारात तेही आलंच.

त्याच्या विधवा बहिणीचा, रोझीचा, एमिल हा एकुलता मुलगा. त्याने आणि एका मित्राने दुकान लुटलं. गोळी मित्राने झाडली, दुकानदार मेला आणि मित्र पसार झाला. दारात उभा राहिलेला एमिल सापडला. शुक्रवारी सकाळी आठला फाशी ठरली. ती रद्द करून जन्मठेप देणं एकट्या गव्हर्नरच्या हातात होतं.

"अकरा वर्षं त्याची गाडी हाकतोस," रोझी म्हणाली, "एक शब्द टाकायला जीभ झडते काय तुझी?"

मंगळवारी मिलोने शब्द टाकला.

"अरे, वाचलीय मी फाईल," साहेब म्हणाले. "गोळी त्याने झाडली नाही हे कळतं मला. गुरुवारी बघतो. बहिणीला म्हणावं, जेवत जा."

त्या रात्री रोझी चार दिवसांत पहिल्यांदा पोटभर जेवली.

निवडणूक तीन आठवड्यांवर आली होती. एमिलला वाचवलं तर शहरातली मतं जाणार, लटकवलं तर चेक गावांतली. गुरुवारी सकाळी साहेब खांद्याला बंदूक लावून आले.

"नदीपलीकडे घे. बदकं उतरलीत म्हणे. रविवारी परतू."

त्या राज्यात शेंबड्या पोरालाही ठाऊक होतं, की गव्हर्नरने हद्द ओलांडली की तो परत येईपर्यंत सारे अधिकार उपगव्हर्नरकडे जातात. नदी हीच हद्द. आणि उपगव्हर्नर तर भर सभेत म्हणायचा, दोर कमी पडला तर माझ्या घरून न्या.

"साहेब, एमिलचं…"

"आता ते उपगव्हर्नर बघतील. कायदाच तसा आहे, मी काय करू?"

पुलाच्या तोंडाशी मिलोने गाडी उभी केली.

"काय रे, पेट्रोल संपलं?"

"नाही, साहेब."

"मग? तू नाही नेलंस तर दुसरा नेईल. तुला घरी दोन लेकरं आहेत ना?"

मिलोने गाडी पुलावर घातली. फळ्या खडखडत चाकांखालून गेल्या.

शुक्रवारी सकाळी साहेब गवतात दबा धरून बसले होते. मिलो मागे कॉफीचा थर्मास धरून उभा होता. आठ वाजता साहेबांनी घड्याळ पाहिलं, टोपी काढली, पुन्हा घातली.

"हं, आली बघ," म्हणाले आणि नेम धरला.

साहेब निवडणूक जिंकले. चेक गावांनी नेहमीपेक्षा जास्तच मतं दिली. 'बिचारा नेमका बाहेरगावी होता, नाहीतर पोर वाचलं असतं,' असं जो तो म्हणे. तोवर मिलो धान्याच्या गोदामात पोती उचलत होता. खरी गोष्ट त्याला कुणाला सांगता आली नाही, कारण गाडी कोणी चालवली, हा पुढचा प्रश्न आला असता.

साहेबांकडे त्याचा शेवटचा दिवस म्हणजे शिकारीहून परतले तो रविवार. बंगल्याच्या दारात साहेबांनी डिकीतून सात बदकं उतरवली आणि त्यांतली दोन बाजूला काढली.

"ही तुझ्या बहिणीला दे. ताजी आहेत."

"बरं, साहेब."